टिलव्याचा गळा

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी ईश्वरप्पा रेणापूरजवळच्या तलावाकाठी उकिडवे बसून दुर्बिणीतून चिमणीएवढ्या एका पक्ष्याचा गळा पाहत होते. एप्रिलचा दुसरा रविवार होता, पक्षिगणनेचा.

ईश्वरप्पा लातूरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये एकतीस वर्षं ब्लाउजपीस जुळवतात. विटकरी आणि कत्थी यांतला फरक त्यांना पाठमोरं उभं असतानाही कळतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. हिवाळ्यात चिखलात किडे टिपणारे टिलवे, म्हणजे असले चिमणीएवढे पाणपक्षी, सगळे एकसारखे राखाडी असतात, तेव्हा पक्षिमित्र मंडळाला ईश्वरप्पांची आठवण येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पिसांना रंग चढला की फोन येतो.

आजचा प्रश्न जरा मोठा होता. छोट्या टिलव्याचं डोकं आणि छाती या दिवसांत विटकरी होते, गळा मात्र पांढराच राहतो. तांबड्या मानेच्या टिलव्याचा गळाही विटकरी होतो, आणि तो मंडळाच्या यादीत अजून नव्हता. नवा पक्षी प्रथम पाहणाऱ्याचं नाव यादीत ठळक छापतात. ईश्वरप्पांचं नाव आजवर छापून आलं होतं ते मतदारयादीत आणि भाचीच्या लग्नपत्रिकेत, तिथंही अठराव्या ओळीत.

"अप्पा, गळा लाल आहे ना? ग्रुपवर टाकून राहिलो," मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर आदर्श म्हणाले.

"थांबा डॉक्टर. दिवस वर येऊ द्या."

"कॅमेऱ्यात लाल दिसून राहिलाय की!"

"ह्या उजेडात तुमची पांढरी टोपी बी अबोली दिसून राहिली."

यादी लिहिणाऱ्या वर्षाराणीबाई हसल्या. डॉक्टरांनी टोपी काढून पाहिली आणि अप्पांच्या नावाने फोटो ग्रुपवर टाकला.

तिरप्या उन्हात रंग ठरवायचा नाही, हा ईश्वरप्पांचा दुकानातला नियम. तो त्यांनी एकदाच मोडला होता, एका लग्नाच्या बस्त्याला, दिवस कलल्यावर. दुसऱ्या दिवशी चौदा ब्लाउजपीस परत आले, सोबत नवरीची आत्याही.

सात वाजेपर्यंत एकेचाळीस जणांनी 'अभिनंदन अप्पा' लिहिलं, त्यात नांदेडचेही होते. सव्वासातला ऊन पांढरं झालं. टिलव्याने मान वर केली. गळा मलमलीसारखा पांढरा.

"छोटाच हाय."

"अप्पा, नीट बघा. नाव तुमचं लागून राहिलंय."

"म्हणून तर दोनदा बघितलं."

"आणि ह्या एकेचाळीस जणांना काय सांगू?"

"परत घ्या म्हणा. कापलेलं कापड आम्ही परत घेत न्हाई. हे अजून कापलं न्हाई."

डॉक्टरांनी दुरुस्ती टाकली. त्याच लोकांनी तिच्याखालीही टाळ्या टाकल्या. वर्षाराणीबाईंनी तो काठावरच्या बाकीच्यांत धरून यादीत लिहिलं: छोटा टिलवा, बारा. नेहमीच्या पक्ष्यापुढे पाहणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत.

गणना उद्या, सोमवारीही आहे, सकाळी सहाला, पूर्वेच्या काठावर. ईश्वरप्पांना साडेनऊला दुकानात हजर राहायचं असल्याने ते तिथूनच आठ वीसची लातूर बस धरतील.