एवढंच काढलं?

नातीच्या पोटात गाठ निघाली तेव्हा ती तीन वर्षांची होती. गाठ साधी, पाण्याच्या पिशवीसारखी, जन्मापासूनची, कॅन्सरची नव्हे. पण लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, झडपेला चिकटून बसलेली. पोर वरचेवर ओकत असे.

जावई जहाजावर. म्हणून रत्नागिरीच्या दवाखान्यात मुलगी, मी आणि मुंबईहून धावून आलेले व्याही. व्याही बऱ्याच मंडळांचे अध्यक्ष. दवाखान्याच्या बाकावरही ते व्यासपीठावर बसल्यासारखे बसत.

कोल्हापूरहून येणाऱ्या सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढलं. गाठीसकट आतड्याचा तुकडा कापून टोकं जोडणं सोपं. पण मग झडप जाते आणि जुलाब पाठीस लागू शकतात. त्यापेक्षा गाठ उघडून आतलं अस्तर तेवढं सोलून काढावं, असं त्यांचं म्हणणं. "जमेलच असं नाही. आत गेल्यावर कळेल."

"डॉक्टर, हात आखडू नका," व्याही म्हणाले. "मुळासकट काढा सगळं."

"आजोबा, आपण गेल्यावरही तिला जेवायचंय."

मुलीने सही केली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. बरंच झालं, मला मत नव्हतं, नुसती भीती होती.

काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. सिस्टरने स्टीलचा ट्रे आणला. त्यात कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखं काहीतरी. व्याह्यांनी चष्मा लावला.

"एवढंच?"

"एवढंच हो. बाकी सगळं पोरीकडेच हाय."

मीही हिरमुसलो, हे कबूल केलं पाहिजे. काढलेलं ट्रेमध्ये दाखवता येतं. राखलेलं कसं दाखवणार? त्याचा पुरावा एकच, आतडं पुन्हा चालू लागणं. म्हणजे वारा सरणं.

दोन दिवस आम्ही तीन शहाणी माणसं त्या आवाजाची वाट पाहत बसलो. पोरीचं पोट फुगलेलं. मुलगी त्यावर हात ठेवून बसलेली. व्याह्यांना फोनवर कुणी विचारलं की ते गंभीरपणे सांगत, "अजून नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. "काय गो बाय, सरला काय वारा?"

पोरीने उत्तर दिलं, पण तोंडाने नव्हे.

मुलगी हसता हसता रडायला लागली. व्याही नकळत उठून उभे राहिले, प्रमुख पाहुणे आल्यावर राहावं तसे.

दुपारी सर्जनबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि दोन चमचे पेज द्यायला सांगितली. मुलीने पहिला चमचा भरवला. पोरीने तो गिळला, आम्हा सगळ्यांकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "आणि मासा?"