सायमन काका आणि राखाडी कॅसेट

रविवार. सात-आठ महिन्यांनी ब्लॉगवर लिहितोय, माफ करा.

ज्यांना मी एकदा गल्लीत उभं राहून चोर म्हणालो, ते केडगावचे सायमन काका आज गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात. काकांकडे जुना कॉम्प्युटर होता, त्यावर ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या सीडी करून द्यायचे.

आमच्याकडे एकच कॅसेट होती, मामेबहिणीच्या लग्नाची. त्यात पंगतीत वाढणारे माझे बाबा होते. "घ्या हो, लाजताय काय!" एवढंच बोलतात.

बाबा गेल्यावर आईकडे त्यांचा आवाज तेवढाच उरला होता.

मी ती कॅसेट सीडी करायला सायकलवरून काकांकडे नेली. "दोन दिवसांनी ये," म्हणाले.

अकरा दिवस लागले.

"अरे, तासाभराच्या कॅसेटला आख्खा दिवस जातो. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून."

मला पटेना.

सीडी मिळाली. बाबा होते, आवाजही होता. पण परत आलेली कॅसेट राखाडी होती. आमची काळी.

"काका, ही आमची नाही."

"तुमचीच आहे रे. लावून बघ."

लावली. आई नेहमी जिथे थांबवायची, तिथे बाबांच्या चेहऱ्यावर पडलेली पांढरी रेघसुद्धा होती.

पण कॉपीतही रेघ येणारच की! ओरिजिनल ठेवून घेतली, असं मी आईला सांगितलं. मग गल्लीला.

दोन घरांनी आपल्या कॅसेट काकांकडून परत आणल्या.

नंतरही ते भेटले की विचारायचे, "काय रे, अभ्यास काय म्हणतो?"

मला वाटायचं, चोर गोड बोलतोय.

आज काकू म्हणाल्या, "तुमची कॅसेट आली तवाच तडकलेली हुती. आतली टेप अडकायची. ह्यांनी स्क्रू काढून ती दुसऱ्या कॅसेटच्या राखाडी खोक्यात बसवली. पोराच्या हातून पडली आसंल, त्याच्या आईपुढं बोलू नको, म्हनले."

पडली होती. केडगावच्या वळणावर, सायकलच्या कॅरिअरवरून. मी पुसून पिशवीत घातली आणि काकांना काही बोललो नाही.

मग मला संशय खरंच आला होता, की तो मला हवाच होता? अजून ठरवता येत नाही. ही कबुलीसुद्धा आईला सांगायच्या आधी इथे का लिहितोय, याचाही संशय येतोय.

आई आज मातीला आली नाही. "त्या माणसाच्या दारात मी नाही जायची," म्हणाली.

काका, श्रद्धांजली आज लिहीत नाही.

उद्या: आईला सांगायचं, कॅसेट मी पाडली होती.