सात विनंत्या, आणि धुळे राहिलं

नानांच्या बदलीच्या अर्जात मी विनंती सात वेळा केली आणि बदली कुठे हवी, ते लिहायला विसरलो.

सातही विनंत्या वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांत होत्या, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

नाना जळगावच्या आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते. साठ-पासष्टचा तो काळ, वरचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. मी शिंदखेड्याहून मॅट्रिक होऊन आलेला. इंग्रजी पत्र हातात आलं की आधी तांब्याभर पाणी पीत असे. नानांनी ते पाहिलं आणि मला शेजारच्या टेबलावर बसवून घेतलं.

रोज चारच्या चहाला नाना रद्दी कागदाच्या पाठीवर एक शब्द लिहीत, त्याखाली त्याच अर्थाचे त्याचे भाऊबंद. मग पेन्सिल कानावर ठेवून आमच्याकडे बघत. प्रत्येक शब्द आजच्या दिवसातल्या खऱ्या वाक्यात बसवायचा. पाठांतर बाद. "आडनाव एक, स्वभाव निराळा," ते म्हणत. "एकाच्या पाटावर दुसऱ्याला बसवू नका."

मे महिन्यात एकदा 'हॉट' निघाला. बाहेरचं ऊन 'स्कॉर्चिंग', पत्र्याखालची आमची खोली 'स्वेल्टरिंग', इथवर ठीक चाललं होतं. मी हुरूपाने चहालाच 'स्कॉर्चिंग' म्हणून टाकलं. नानांनी माझ्या बशीत बोट बुडवलं, ते बाहेर काढून मला दाखवलं आणि धोतराला पुसलं. चहा आणणारे चाचा दारात उभे राहून हे सगळं ऐकत. दुसऱ्या दिवशी कप ठेवताना ते म्हणाले, "आज टेपिड नहीं है नाना, पी लो." सबंध कचेरीत तो शब्द सगळ्यात आधी त्यांनी बसवला. मला अजून कोमट म्हणायची सवय होती.

तुम्हाला असं काही लागलं असेल तर कळेल, मला त्या शब्दांचं वेडच लागलं. सायकलवर घरी जाताना तोंडाने वाक्यं चालू. एकदा 'स्लो'चे सगळे भाऊ मोजता मोजता केळीने भरलेल्या बैलगाडीवर जाऊन आदळलो. गाडीवान मला जे म्हणाला तेही सगळे एकाच आडनावाचे शब्द होते, पण ते इथे लिहिता येत नाहीत.

नानांचं घर धुळ्याला. काकू तिथे एकट्या, आणि त्यांची नजर हळूहळू जात चाललेली. दर शनिवारी नाना एस.टी.ने जात आणि सोमवारी धुळीने भरलेली टोपी झटकत टेबलाशी येत. स्वतःबद्दल कधी न बोलणारा हा माणूस एकदा बोलून गेला, "तिला माझा चेहरा दिसतो आहे, तोवर तिथे असावं."

आणि धुळ्याची एक जागा रिकामी झाली.

कचेरीभर सगळ्यांचे अर्ज नाना लिहीत. स्वतःचा मात्र लिहीनात. स्वतःसाठी मागताना हात खरं लिहीत नाही, म्हणाले, आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "तू लिही."

मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो. रिक्वेस्ट, प्रे, बेग, एन्ट्रीट, इम्प्लोर, बिसीच, सॉलिसिट. सातही भाऊ एका पंगतीला बसवले. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नानांनी न वाचता सही केली. मी लिहिलं आहे म्हटल्यावर वाचायचं काय, असा त्यांचा हिशेब.

आठवड्याने साहेबांनी मला आत बोलावलं. अर्ज मोठ्याने वाचला, शांतपणे घडी घातली. "माणूस फार विनवतो आहे," ते म्हणाले. "पण कशासाठी?"

दुसरा अर्ज तीन ओळींचा झाला. तो पोचेपर्यंत जागा भरली होती.

त्या दिवशी चारला मी टेबलाखाली शिरायचाच बाकी होतो. नानांनी नेहमीसारखा कागद घेतला आणि लिहिलं, 'मिस्टेक'. खाली एरर, स्लिप, लॅप्स, ब्लंडर. मी माझ्यासाठी शेवटचा उचलला. नानांनी कानावरची पेन्सिल काढून तो खोडला आणि 'स्लिप'खाली रेघ ओढली. "तुझी ही," म्हणाले. शब्दाला चुकीच्या पाटावर बसवताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं ते शनिवारची एस.टी. धरत राहिले. धुळ्याला कायमचे गेले तेव्हा काकूंना दारात कुणीतरी उभं आहे एवढंच कळत होतं. टोपी झटकल्याचा आवाज आला की त्या ओळखीत.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला गेलो. खुंटीवर टोपी होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगू लागलो की फार वाईट वाटलं, दुःख झालं, मन सुन्न झालं, पोरका झालो, आधार गेला. आणखीही दोन-तीन शब्द तयार होते.

काकूंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"गावनं नाव इसरना तो तूच शे का?" त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "आते बी तेच करी ऱ्हायना. काय सांगानं शे, ते एकदाव सांग."