हळू हलवायचा हात

सोमवारी कामावर रुजू व्हायचं म्हणून मी आदल्या दिवशी गणवेश चढवून बघितला, तर डाव्या हाताची बाही दंडाशी अडकली. मी एसटीत कंडक्टर. पंधरा वर्षं उभ्यानं काम केलेली बाई. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते, त्यात काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. हात सुजू शकतो असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. पण तेव्हा माझं सगळं लक्ष जिवावर होतं, हाताचं कोण ऐकतंय. बाहीची शिवण उसवावी का, असा विचार करत मी तासभर या खोलीतून त्या खोलीत फिरले.

डॉक्टरांनी रजा वाढवली आणि व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी हाताला पट्टी गुंडाळली, हात उशीवर उंच ठेवला. आधी पोटातून पाच मोठे श्वास, मग खांदे वर-खाली, मग कोपर दुमडणं, शेवटी मूठ वळायची आणि उघडायची. सगळं दहा-दहा वेळा. मी दहा मुठी पटापट वळून दाखवल्या.

"काकू, गाडी सुटायला लागलीय का?" त्या म्हणाल्या.

"झाल्या की दहा."

"झाल्या, पण उपयोग काय? गाठी काढल्यात, त्यामुळं हातातलं पाणी परत जायला वाट कमी राहिलीय. स्नायू सावकाश आवळला, सावकाश सोडला, की ते थोडं थोडं पुढं सरकतं. दुखेपर्यंत करायचं नाही, दमेपर्यंतही नाही."

घरी आल्यावर कळलं, मला सावकाश काही करताच येत नाही. आडवी पडून दोन श्वास घेतले की गॅस बंद केलाय का, बघायला उठायचे. परत पडले की रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा आणि ती किती वाजताची, कुठली, भरून चालली असेल की रिकामी, यात जीव अडकायचा. ऑपरेशनला, औषधांना मी घाबरले नव्हते. या वीस मिनिटांना मात्र घाबरायला लागले.

पंधरा दिवसांनीही सूज तेवढीच. मग मी माझं डोकं चालवलं. दहानं थोडं होतं, तर शंभरनं लवकर होईल. झटके देत देत शंभर वेळा हात फिरवला आणि त्याच जोरात घरातल्या सगळ्या वाकळा काढून दगडावर आपटून धुतल्या. डाव्या मनगटाला खरचटलं, तिकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी हात लालभडक, गरम आणि अंगात थंडी-ताप. खरचटल्यातनं जंतू शिरले होते. दवाखान्यात भरती केलं, सलाईन उजव्या हाताला लावलं. मॅडम भेटायला आल्या. लाली आणि ताप पूर्ण उतरेपर्यंत व्यायाम बंद, असं सांगितलं; रागावल्या मात्र नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्या मदतीला मुरगूडहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. म्हशी धाकट्या दिरावर सोपवून, पिशवीत चार लुगडी घेऊन आल्या. आल्या आल्या माझा हात बघून म्हणाल्या, "बाई, हात हाय ह्यो तुझा, गाडीचं दार न्हाय आपटाय."

घरी सोडल्यावर पुन्हा मॅडमकडे गेलो, तेव्हा आत्या दाराशी चपला काढत होत्या. मॅडमचं लक्ष तिकडं गेलं. आत्यांचा डावा पाय किती वर्षांपासून सुजलेला. त्या चपला त्या पायाच्या मापाच्या घेतात आणि उजवी चप्पल दोरीनं बांधतात. चोवीस वर्षं मी ती दोरी बघत होते, आणि कधी विचारलं नव्हतं. मॅडमनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो बराच वेळ भरला नाही.

"आजी, दुखत नाही?"

"जड हुतंय. दुखायचं काय त्यात."

आधी डॉक्टरांनी आत्यांचं हृदय, किडनी, पायाच्या शिरा तपासल्या, मगच त्यांना व्यायाम मिळाले: पाऊल पुढं-मागं करायचं, घोटा गोल फिरवायचा, टाच अंथरुणावरनं सरकवत गुडघा दुमडायचा.

आम्ही दोघी रोज सकाळी शेजारी शेजारी पडायचो, माझा हात उशीवर, त्यांचा पाय लोडावर. मोजायच्या आत्या. त्यांचं माहेर निपाणीकडचं, आकडे कानडीत. ओंदु, एरडु, मूरु… प्रत्येक आकड्यानंतर त्या श्वास घ्यायच्या. मला पुढचा आकडा माहीत नसायचा, म्हणून पुढं पळता यायचं नाही. थांबायला लागायचं. आतून नुसती तडफड व्हायची. एकदा न राहवून मी म्हणाले, "आत्या, जरा लवकर की."

"कुठं जायचं हाय तुला?"

जायचं कुठंच नव्हतं. पण पडून राहिलं की आजार आठवायचा, तो परत येईल का हे आठवायचं, आणि ते आठवू नये म्हणून मी इतके महिने धावत होते. हे मी आत्यांना बोलून दाखवलं. त्यांनी लोडावरचा पाय नीट केला. मग म्हणाल्या, "मला बी भ्याव वाटतंय. म्हणून तर आलो." आणि पुढचा आकडा म्हणाल्या.

तीन महिन्यांनी मॅडमच्या टेपवर माझा दंड जवळजवळ दोन बोटं उतरला. आत्यांचा घोटा पुन्हा दिसायला लागला. पायाला गुंडाळायच्या दोन पट्ट्या घेऊन त्या मुरगूडला गेल्या.

मी कामावर रुजू झाले, तेव्हा मला आधी चौकशी खिडकीवर बसवलं. ते बसणं मला झेपेना. तीन अर्ज केले, तेव्हा माझी जुनी मलकापूरची गाडी परत मिळाली. आता बॅग उजव्या खांद्याला, डाव्या हाताला सूज दाबून धरणारी, मॅडमनी दिलेली घट्ट बाही. सूज पूर्ण गेलेली नाही, ती सांभाळतच राहावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. मलकापूरला गाडी थोडा वेळ उभी असते. ड्रायव्हर चहाला जातात. मी मागच्या सीटवर बसून हात बॅगेवर उंच ठेवते आणि मूठ वळते. चौथ्या-पाचव्या वेळी मन उठून दाराकडं जातं, कोण चढलं बघतं. मी मात्र बसून राहते, दहा मुठी पूर्ण करते.