मी न्हाई बघितलं

"गिटार काढून घ्या, ड्रम काढून घ्या, मग उरतं काय? बोंब!" रॉक गाण्यांच्या शब्दांवर पीएच.डी. करायची म्हणून मी आराखडा घेऊन गेलतो, तर मार्गदर्शक सरांनी तो टेबलावर आपटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तुमचे अभंग काय मुक्यानं म्हणत होते का? पण मी पडलो अंबाजोगाईत तासिकेवर शिकवणारा मास्तर. गिळलं.

ती गाणी माझ्या मेव्हण्याची. केज तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत, गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा बँड वाजायचा. गायचा म्हणजे ओरडायचाच तो. पण शब्द ऐका:

डोकं फुटलं भर बाजारात –
मी न्हाई बघितलं!
रगत उडालं माज्या सदऱ्यावर –
मी न्हाई बघितलं!

हे काही मनानं रचलेलं नव्हतं. वाळू चोरणाऱ्यांचा ट्रॅक्टर गावातल्या एकानं अडवला, म्हणून त्याला बाजाराच्या दिवशी पाईपनं फोडला. अख्खा बाजार तिथं, अन् साक्षीदार एक नाही! गाणं मोबाईलवर फिरलं तसा मेव्हण्याला वाळूवाल्यांचा निरोप आला, "परत वाजिवलं तर हात ठिवणार न्हाई."

त्या गावात धुळवडीला जावई धरतात, गाढवावर बसवतात, गळ्यात खेटरांची माळ घालून मिरवतात आणि मग मानानं कपडे, अंगठी देतात. शहाणे जावई आठ दिवस आधीच परागंदा होतात. "दाजी, नवी गाणी ऐकायला या," असं म्हणून मेव्हण्यानंच मला फसवलं. अंघोळीतून ओढून काढला हो मला! गाढवावर मी, मागं टेम्पोत बँड, अन् माडीवरून बायको पोट धरून हसतेय.

चौकात मेव्हण्यानं तेच गाणं धरलं. मी वरून "आरं नको, नको" करतोय, तर सगळा गाव बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, "मी न्हाई बघितलं!"

तेवढ्यात जीप घुसली. तोंडाला रुमाल बांधलेले पाच-सहा जण उतरले. आधी गिटार फोडली. मग मेव्हण्याला खाली ओढून तोंडावर लाथा घातल्या. दोघांनी त्याचा हात टेम्पोच्या फाळक्यावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं पाईप घातला. एकदा नाही, बोटं लोंबेपर्यंत. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, अजून जेवताना येतो. मारता मारता त्या तिसऱ्याचा रुमाल सुटला. गाढव बुजलं, मी खाली आदळलो. उठून धावलो तर बरगडीत लाथ बसली. मी पोहोचेपर्यंत जीप गेलती.

ठाण्यात मेव्हणा बाकावर, हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेलातून रक्त गळतंय. दवाखान्याची चिठ्ठी मिळेपर्यंत हवालदारानं एकेकाला विचारायला सुरुवात केली.

गाढववाला म्हणाला, "सायेब, मी गाढव धरलतं. मी न्हाई बघितलं."

चौकात टेम्पोला टेकून उभा असलेला किराणा दुकानदार, बाहीवर मेव्हण्याचंच रक्त. "ह्यो रंग हाय, सायेब. मी न्हाई बघितलं."

मग तिसरा. मग चौथा. गिटार नाही, ड्रम नाही, ओरडणं नाही, नुसते शब्द. मला वाटलं, सरांची मानगूट धरून आणावं इथं आणि बसवावं ह्या बाकावर. ऐका म्हणावं, काय उरतं ते.

हवालदार माझ्याकडं वळला. "जावईबापू, तुमी तर गाढवावर. सगळ्यात उंच. तुमाला दिसलं आसंल की."

बायकोनं माझं मनगट करकचून धरलं. "आवो, लेकरू हाय आपल्याला," ती कानाशी म्हणाली. खरं सांगतो, मी एवढा कधीच भ्यालो नव्हतो.

"बघितलं," मी म्हणालो. "रुमाल सुटला तवा तोंड बघितलं. वाळूच्या ट्रॅक्टरवर बसतो त्योच. लिहा, नाव सांगतो."

बायकोनं हात सोडला, तोंडाला पदर लावला. मेव्हण्यानं मान वर केली. फुटक्या ओठानं हसायला गेला, तर कळ आली.

"दाजी," तो म्हणाला, "पार वाट लावली राव तुमी गाण्याची."