गार इंजिनाचा मिस्त्री

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाला सगळे 'उद्या' म्हणतात, अगदी तोंडावर. कोणीही गाडी घेऊन गेलं की तो आधी बॉनेटवर तळहात टेकवतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "उद्या." गिऱ्हाइकं चिडतात, काही पुन्हा फिरकत नाहीत. तरी छत्तीस वर्षं त्याचं बरं चाललं आहे.

सुट्या भागांची फडताळं त्याची बायको सांभाळते. ती म्हणते, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हेच. 'उद्या सांगतो.' मी म्हटलं, सांगायचं तर आत्ता सांगा, मला कामं आहेत."

"आयुष्यात घाई केली ती तेवढीच," बॉनेटखालून उत्तर येतं.

हे काही खरं नाही. एक घाई त्याआधीही झाली होती. एकोणिसाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होता. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, मालकाचं "आत्ताच्या आत्ता" चाललेलं. त्याने तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अजून सायीसारखी सुरकुतलेली आहे. "तेव्हापासून ठरवलं," तो सांगतो, "गिऱ्हाईक तापलं तर चालेल, इंजिन तापलेलं चालणार नाही."

या हिवाळ्यात माझं त्याच्याशी काम पडलं. माझी गाडी एकतीस वर्षांची. यजमान गेल्यापासून मीच चालवते. दर मंगळवारी टेकडीपलीकडे धाकट्या बहिणीकडे जाते. तिचे गुडघे तिला घराबाहेर पडू देत नाहीत, आणि तिकडे बस जात नाही. गाडीतलं पाणी मधूनमधून कमी व्हायला लागलं, तेव्हा मुलाने ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. ते म्हणाले, इंजिनाचं गॅसकेट गेलंय, ते आतल्या आत पाणी पितंय, एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात राम नाही.

"आई, गुरुवारी चारला येतो आणि गाडी भंगारात देऊन टाकतो," मुलगा फोनवर म्हणाला. "कुठे बंद पडली आणि तू थंडीत रस्त्यावर उभी राहिलीस तर?" त्याची काळजी खोटी नव्हती. म्हणूनच भांडणं अवघड होतं.

बुधवारी सकाळी मी गॅरेज गाठलं. बॉनेटवर तळहात टेकला. "उद्या."

"मिस्त्री, माझ्याकडे एकच उद्या उरलाय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"पाणी किती वेळा घातलंत? अंदाज नको."

मी घरून रोजनिशी आणली. त्याच्या बायकोने तारखा मोठ्याने वाचल्या. अकरा वेळा.

"या दिवसांत हीटर लावला होता का?"

"दर वेळी. थंडीची नोंद आहे बघा."

"आणि मधे पंधरा दिवस ऊन पडलं होतं, तेव्हा?"

"तेव्हा हीटर नाही, आणि पाणीही घालावं लागलं नाही."

त्याने हळूच मान हलवली. "बाई, गॅसकेट गेलं असतं तर त्याला हीटरशी काय देणंघेणं? ते उन्हातही प्यायलं असतं. हीटर लावला की इंजिनाचं गरम पाणी त्याच्या नळीतून फिरतं. तीच नळी गळतेय. उद्या आठला या."

गुरुवारी आठला गाडी बर्फासारखी गार होती. इंजिनामागच्या पत्र्याजवळ, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे त्याने रबरी नळी बोटांत धरून पिळली. मिटलेली चीर उघडली. "तापली की मऊ पडते आणि तोंड उघडते. गार झाली की पुन्हा साळसूद."

खरी धास्ती पुढेच होती. नळी हीटरच्या पितळी नळकांड्याला तीस वर्षांत घट्ट चिकटली होती. "ओढली तर नळकांडं हातात येईल," तो म्हणाला. "हा हीटर आता कुठेच मिळत नाही. मग मात्र भंगारवालाच." त्याने पालथ्या हाताने घाम पुसला, एवढ्या थंडीत. मग डाव्या हाताने नळकांड्याला आधार देऊन पातळ पात्याने नळी उभी चिरायला घेतली, एका वेळी नखाएवढी. चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ त्याची बायको फडताळं सोडून विजेरी धरून उभी होती, यावरून काय ते समजावं. शेवटी नळी शेंगेसारखी सोलून निघाली. नळकांडं शाबूत होतं.

नवी नळी बसली, दोन्ही टोकांच्या पट्ट्या आवळल्या, पाणी भरलं. हीटर पूर्ण उघडून त्याने इंजिन चालवलं, अडकलेली हवा बुडबुडून गेली. बारा वाजता सगळं कोरडं होतं.

"झालं?" मी विचारलं.

"उद्या," तो सवयीने म्हणाला, आणि माझा चेहरा बघून थांबला. "बरं, आज. पण निवू द्यायची. नवी नळी तापून निवली की बसते, मग पट्टी पुन्हा कसावी लागते. नाहीतर आठ दिवसांत हेच."

दुपारी मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं, आणि चार वाजता तो गॅरेजवरच आला. "झालीय ना? मग नेतो."

तळहात बॉनेटवरच होता. "अजून कोमट आहे. भंगारात न्यायची तर आत्ता न्या. आईला चालवायची असेल तर थांबा."

"मी थांबते आहे," मी म्हटलं. मुलगा एका जुन्या टायरवर बसला. मिस्त्रीणबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "बसा. मी छत्तीस वर्षं थांबलेय."

पावणेपाचला दोन्ही पट्ट्यांचे स्क्रू पाव फेरा फिरले. उद्याने गाडीखाली पसरलेलं वर्तमानपत्र ओढून मुलाच्या हातात दिलं. "बातम्या शिळ्या आहेत, पण कोरड्या आहेत."

"टेकडीपर्यंत जाऊन बघू," मुलगा म्हणाला. मी चालवायला बसले, तो शेजारी, डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध उभा होता, तो हलला नाही. चढावर मुलाने मफलर काढला. दुसऱ्या वळणावर कोटाची बटणं सोडली.

"आई, हीटर जरा कमी कर," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आलोच आहोत इथवर, तर मावशीकडे जाऊन येऊ."