फुलपाखरू नक्की कुठे होतं

आज दुपारी माझ्या सात वर्षांच्या भाचीला, ओवीला घेऊन बोरीवलीत थ्रीडी सिनेमा बघून आले.

माझा डावा डोळा लहानपणापासून कामचुकार. चष्मा लावूनही त्याने धड दिसत नाही. थ्रीडीला दोन्ही डोळे लागतात, त्यामुळे मला सगळं सपाटच दिसतं. ओवीला हे सांगितलं नव्हतं. तिची मजा कशाला घालवायची?

पडद्यावर फुलपाखरं उडाली. सगळ्या पोरांनी ती पकडायला हात पुढे केले. मीही केला, वर "कसलं भारी" म्हटलं.

ओवी माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तिकडे कुठे? ते इथे आहे." माझं मनगट धरून तिने हात स्वतःच्या नाकासमोर आणला. मी मूठ मिटली.

"तुला दिसत नाही ना गं?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

सिनेमा संपल्यावर जिना उतरताना मी नेहमीसारखा कठडा धरला; एका डोळ्याने पायरी किती खोल आहे ते नीट कळत नाही. तिने माझा दुसरा हात धरला. खाली पोचलो असं मला वाटलं, तेवढ्यात म्हणाली, "थांब, अजून एक पायरी आहे."

मी कठडा का धरते, हे आजवर घरात कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरात असा कठडा कोण धरतं?